एक्ससी9572एक्सएल : एकाच एसव्हीएफ फाईलनं नवे बोर्ड पास, जुने बोर्ड व्हेरिफायला फेल

भोसरीकर :

नमस्कार मंडळी, चार दिवस एकाच ठिकाणी अडकलोय म्हणून शेवटी इथे विचारतोय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमचा पॅकिंग मशीनचा एक कंट्रोल बोर्ड आहे, त्यावर एक्ससी9572एक्सएल बसवलेली आहे, म्हणजे झायलिंक्सची सीपीएलडी, आपलं लॉजिक आत भरता येणारी चिप, 44 पायांची. काम साधंच आहे, एन्कोडरचे दोन चॅनेल घेऊन दिशा आणि काउंट काढायचा, दोन-तीन इंटरलॉक (धोका असताना मशीन चालू न देणाऱ्या अटी) आणि सोलेनॉइडचे आउटपुट वेळेवर बंद करायचे. बरीच वर्षं चालू असलेलं डिझाईन आहे, आता एका इंटरलॉकमध्ये बदल केला म्हणून नवी फाईल काढली. माझ्या टेबलावर मी आयएसई 14.7 या झायलिंक्सच्या सॉफ्टवेअरमधून जेईडी, म्हणजे चिपमध्ये भरायच्या डिझाईनची फाईल काढतो आणि त्यातल्याच इम्पॅक्ट या प्रोग्रॅमिंगच्या भागातून केबल लावून थेट चिपमध्ये मारतो, त्यात आजवर कधी त्रास झाला नाही.

या वेळी 60 बोर्ड आहेत. 46 नवे कोरे, आणि 14 जुने, म्हणजे गिऱ्हाइकांकडून अपडेटसाठी परत आलेले. हे सगळे असेंब्ली युनिटमध्येच प्रोग्रॅम करायचं ठरलं, त्यांच्याकडे पोगो पिनचं जिग आणि स्वतःचा प्रोग्रॅमर आहे, तो जेईडी घेत नाही, त्याला एसव्हीएफ, म्हणजे चिपला द्यायच्या सूचना ओळीनं लिहिलेली फाईल लागते. म्हणून मी इम्पॅक्टमध्ये केबल न लावता, डिव्हाइस हातानं टाकून, आउटपुट मेनूतून एसव्हीएफ सुरू केली, इरेज (आधीचं पुसणं) आणि व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून जुळवणं) दोन्ही टिक करून प्रोग्रॅम दिलं, लिहिणं थांबवलं, फाईल पाठवली.

तर 46 च्या 46 नवे पास झाले. जुन्या 14 मधले 11 व्हेरिफायला फेल. फेल झालेला एक बोर्ड मी टेबलावर आणून जेईडीनं मारला तर पहिल्या फटक्यात पास! म्हणजे चिप ठीक, डिझाईन ठीक, मग फाईलमध्ये काय चुकतंय? युनिटवाले म्हणतात तुमचे जुने बोर्ड खराब आहेत, सगळ्या चिप बदला. मला ते पटत नाही, 11 चिप एकदम कशा जातील?


सर्किटवेडी :

दादा, चिप बदलायची घाई अजिबात करू नका, 44 पायांची चिप काढताना पॅड उचकटले की बोर्डच जाईल.

जुने बोर्ड फेल आणि नवे पास म्हटल्यावर पहिली शंका मला प्रोटेक्टची येतेय. या चिपला रीड प्रोटेक्ट आणि राईट प्रोटेक्ट असे दोन वेगळे बिट असतात. राईट प्रोटेक्ट लागलेलं असेल तर साधं इरेज चालत नाही, त्याला वेगळा क्रम द्यावा लागतो. रीड प्रोटेक्ट असेल तर वाचायला गेलं की खरा डेटा मिळत नाही, आणि ते पूर्ण इरेज झाल्यावरच निघतं. जुन्या बोर्डांत कुणी हे लावून ठेवलं होतं का ते बघा.

दुसरं म्हणजे तुमच्या जेटॅगच्या, म्हणजे चिप प्रोग्रॅम करायच्या वायरींच्या साखळीत अजून कुठली चिप आहे का? आमच्या एका बोर्डावर एसटीएम32एफ103 सोबत होता, आणि त्या एकट्या मायक्रोकंट्रोलरमध्ये दोन टॅप, म्हणजे जेटॅगचे दोन दरवाजे असतात, एकाची सूचना 5 बिटांची आणि एकाची 4 बिटांची, आम्ही एकच धरला होता आणि सगळी मोजणी सरकली होती.


भोसरीकर :

ताई, प्रोटेक्ट कधीच लावलेलं नाही, जुन्या प्रोजेक्टच्या फाईल उघडून आत्ताच खात्री केली. साखळीत ही एकटीच चिप आहे. शिवाय साखळी चुकली असती तर नवे बोर्ड पण पास झाले नसते ना?


जुना_टेस्टवाला :

तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. फेल होणारी जागा व्हेरिफायची आहे, चिपचा ओळख क्रमांक, म्हणजे आयडी वाचायची नाही, म्हणजे वायरिंग आणि साखळी शाबूत आहे. नवी चिप कारखान्यातून कोरीच येते, तिला इरेज नीट झालं काय किंवा अर्धवट झालं काय, फरक पडत नाही. जुन्या चिपमध्ये आधीचं डिझाईन बसलेलं आहे, तिथे इरेज अर्धवट झालं की लगेच उघडं पडतं. माझ्या मते तुमचं इरेज पूर्ण होत नाहीये, आणि त्याचं कारण वेळ आहे.

ती एसव्हीएफ फाईल नोटपॅडमध्ये उघडा, साधी अक्षरं आहेत, घाबरण्यासारखं काही नाही. सुरुवातीला आयडी वाचायच्या ओळी दिसतील, अपेक्षित उत्तर एफ9604093 आणि मास्क 0एफएफएफएफएफएफएफ असेल. मास्कचा पहिला आकडा शून्य आहे कारण आयडीतला पहिला आकडा चिपच्या रिव्हिजनचा असतो आणि तो तपासायचा नसतो, तिथे एफ ऐवजी दुसरं काही आलं तरी चालतं. त्याच्या पुढे इरेजची सूचना, आणि तिच्यामागे रनटेस्टची, म्हणजे किती थांबायचं त्याची ओळ असेल, तिथला आकडा वाचून इथे सांगा. आणि फाईलच्या वरच्या भागात फ्रिक्वेन्सीची ओळ आहे ती पण सांगा. मग युनिटला फोन करून विचारा की त्यांचा प्रोग्रॅमर टीसीके, म्हणजे जेटॅगचा क्लॉक, किती वेगानं देतो.


भोसरीकर :

सर, बघितलं. फ्रिक्वेन्सीच्या ओळीत 1ई6 हर्ट्झ, म्हणजे 1 मेगाहर्ट्झ आहे. इरेजनंतर रनटेस्ट 200000 टीसीके. पुढे प्रोग्रॅमिंगमध्ये जागोजागी रनटेस्ट 20000 टीसीके दिसतंय. युनिटवाल्यांनी सांगितलं की त्यांचा प्रोग्रॅमर 4 मेगाहर्ट्झवर ठेवलाय, सगळ्या बोर्डांना तोच वेग.


जुना_टेस्टवाला :

मग सापडलं. नीट सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढे कुठलीही चिप आली तरी तुम्ही स्वतः फाईल वाचून ठरवू शकाल.

जेईडी फाईलमध्ये फक्त कुठला फ्यूज शून्य आणि कुठला एक एवढंच असतं. तो चिपमध्ये कसा भरायचा, कुठली सूचना आधी, किती थांबायचं, हे सगळं प्रोग्रॅम करणाऱ्या सॉफ्टवेअरला ठाऊक असतं. म्हणून तुमच्या टेबलावर इम्पॅक्ट ती फाईल घेऊन सगळं बिनबोभाट करतो. एसव्हीएफचं तसं नाही. हा फॉरमॅट टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि टेराडाइन यांनी 1991 मध्ये काढला तो बाऊंड्री स्कॅनच्या, म्हणजे जेटॅगमधून बोर्डाचे जोड तपासायच्या टेस्टसाठी, की एका मशीनवर केलेले टेस्टचे व्हेक्टर (बिटांचे संच) दुसऱ्या मशीनवर चालावेत. त्यात चिपची ओळखपाळख काही नसते, नुसतं हे बिट ढकल, हे बिट बाहेर आले का बघ, एवढे क्लॉक दे, एवढंच. फाईल वाजवणाऱ्या प्लेअरला माहीतही नसतं की तो चिप पुसतोय.

आणि थांबायचा वेळ तुमच्या फाईलमध्ये क्लॉकच्या ठोक्यांत लिहिलाय. 1 मेगाहर्ट्झला 200000 ठोके म्हणजे 200 मिलिसेकंद, तेवढा वेळ चिपला पुसायला लागतो. 4 मेगाहर्ट्झवर तेच ठोके 50 मिलिसेकंदांत संपतात. ठोके पूर्ण झाले म्हणून प्रोग्रॅमर पुढे जातो, आत चिपचं पुसणं अर्ध्यावर राहतं. फ्रिक्वेन्सीची ओळ त्यासाठीच वर दिलेली असते की बाबा या वेगानं वाजव, ओपनओसीडीसारखी सॉफ्टवेअर ती ओळ मानतात, पण मायक्रोकंट्रोलरवर लिहिलेले पुष्कळ छोटे प्लेअर ती ओळ वाचून सोडून देतात. हा प्रोग्रॅमर पण तेच करत असणार.

त्यातून एसव्हीएफमध्ये लूप नाही. चुकलं तर परत फिरून थोडा जास्त वेळ देऊन बघ, असं म्हणायची सोयच नाही, एक बिट जुळलं नाही की तिथेच फेल. त्यासाठीच एसव्हीएफवरून झायलिंक्सनं केलेल्या एक्सएसव्हीएफमध्ये परत प्रयत्न करायची सूचना वेगळी घालावी लागली.

आता उपाय. सगळ्यात सोपं म्हणजे युनिटला सांगा की या बोर्डासाठी वेग 1 मेगाहर्ट्झ ठेवा, बोर्डामागे थोडा वेळ वाढेल, वाढू दे. दुसरं, इम्पॅक्टच्या प्रेफरन्सेसमध्ये एसव्हीएफमध्ये प्रत्यक्ष वेळ वापरायचा एक पर्याय आहे, तो चालू करून फाईल परत काढली की रनटेस्टच्या ओळींत टीसीकेच्या जागी सेकंद येतात, मग वेग काहीही असो. फक्त त्यांचा प्लेअर सेकंदाची ओळ पाळतो का हे आधी बघून घ्या. शक्य असेल तर स्कोप लावून बघाच, टीसीकेवर एक चॅनेल आणि टीडीआयवर, म्हणजे चिपमध्ये डेटा जाणाऱ्या पायावर एक, इरेजच्या वेळी टीडीआय शांत आणि टीसीके चालू असा लांब पट्टा दिसतो, त्याची लांबी मोजा.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, ते 46 पास झालेले बोर्ड पण परत प्रोग्रॅम करा. पाठवले असतील तर मागवा.


भोसरीकर :

सर, खूप खूप आभार, असं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. पण 46 परत का? ते तर व्हेरिफाय होऊन पास झालेत, आणि त्यातले 15 कालच गाडीत भरून गेलेत.


जुना_टेस्टवाला :

कारण इरेजचा वेळ पाव झाला तसाच प्रोग्रॅमिंगचा पण पाव झालाय. तुमच्याच फाईलमध्ये 20000 ठोके आहेत, म्हणजे 20 मिलिसेकंद द्यायचे होते, मिळाले 5. चिपच्या मेमरीच्या सेलमध्ये चार्ज पुरेसा भरला की नाही याचं व्हेरिफाय फक्त त्या क्षणापुरतं उत्तर देतं, टेबलावर, खोलीच्या तापमानाला, स्वच्छ 3.3 व्होल्टवर. डेटाशीटमध्ये 20 वर्षं डेटा टिकण्याची जी हमी आहे ती पूर्ण वेळ दिलेल्या चिपची आहे. तुमचा बोर्ड पॅनलमध्ये, हीटरच्या शेजारी, वर्षानुवर्षं बसणार, आणि त्यात इंटरलॉक आहेत. काठावर भरलेला एखादा सेल दोन उन्हाळ्यांनी पलटला तर मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाचा हात मध्ये असू शकतो. कदाचित एकही बिघडणार नाही. पण तुम्हाला ठाऊक असताना ते बाहेर राहू देऊ नका.

लिहिण्या-पुसण्याची चिंता करू नका, या चिपला 10000 वेळा पुसून लिहिता येतं.


मॅक्सवाला :

जुने सर बोलले ते शंभर टक्के. आम्ही मॅक्स टूवर, म्हणजे अल्टेराच्या ईपीएम240 या चिपवर काम करतो आणि तिथे हाच प्रकार थोड्या वेगळ्या रूपात भेटतो, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

क्वार्टस या तिच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपाइल झालं की पीओएफ मिळते, तीच मूळ फाईल. मग प्रोग्रॅमरच्या खिडकीत फाईल मेनूतून एसव्हीएफ किंवा जॅम काढता येते, आणि तिथेच एक टीसीके फ्रिक्वेन्सीचा चौकोन येतो. बहुतेक जण तो न बघता ओके करतात. त्या आकड्यावरून फाईलमधले सगळे रनटेस्टचे आकडे ठरतात, 10 मेगाहर्ट्झ टाकलं तर ठोके जास्त, 1 टाकलं तर कमी. म्हणजे इथे आधी प्लेअरचा वेग विचारायचा, मग तो आकडा टाकायचा, मग फाईल काढायची. कमांड लाइनवरून काढत असाल तर सीपीएफ टूलला क्यू पर्यायात वेग द्यावा लागतो, आम्ही तो बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच बांधून टाकलाय म्हणजे कुणाच्या हातून सुटत नाही. शंका असेल तर वेग थोडा जास्त लिहावा आणि वाजवताना कमी ठेवावा, थांबणं जास्त झालं तर बिघडत नाही, कमी झालं तर बिघडतं.

आम्ही आता जमेल तिथे जॅमच वापरतो, म्हणजे एसटीएपीएल, 1999 मध्ये जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं जेईएसडी71 म्हणून मान्य केलेलं. त्यात थांबायचा वेळ मायक्रोसेकंदांत लिहिता येतो, लूप आहेत, अटी आहेत, त्यामुळे फाईल स्वतःच सांभाळून घेते. प्लेअर मात्र जरा मोठा लागतो.

मॅक्स टूचं अजून एक, यात रिअल टाइम आयएसपी म्हणून सोय आहे, चिप जुन्या डिझाईननं चालू असतानाच आत नवं लिहून होतं, आणि सप्लाय बंद करून चालू केला की नवं लागू होतं. मी एकदा दुपारभर फाईल परत परत काढत बसलो होतो की बदल का दिसत नाही, आणि सप्लाय एकदाही बंद केला नव्हता.


सर्किटवेडी :

माझा अंदाज चुकला, पण शिकायला मिळालं, धन्यवाद सर.

भोसरीकर दादा, बोर्ड परत मागवणारच आहात तर दोन गोष्टी त्याच फेऱ्यात करून घ्या. एक म्हणजे युजरकोड. आयएसईमध्ये जेईडी काढायच्या प्रोसेसच्या प्रॉपर्टीमध्ये सिग्नेचर टाकायची जागा आहे, तिथे रिव्हिजन लिहा. नंतर नुसता जेटॅग लावून वाचता येतं की या बोर्डात कुठलं डिझाईन आहे. नाहीतर परत आलेले 15 आणि घरातले 31 एकत्र झाले की नुसतं बघून कळणार नाही कुठला पूर्ण वेळ देऊन झालाय आणि कुठला नाही. आम्ही सोबत स्टिकर पण लावतो, कारण स्टोअरमधल्या माणसाकडे जेटॅग नसतो.

दुसरी गोष्ट सोलेनॉइडची. प्रोग्रॅमिंग चालू असताना या चिपचे पाय ट्राय-स्टेट होतात, म्हणजे मोकळे सुटतात, आणि आतला हलका पुल-अप त्यांना वर ओढतो. तुमचा ड्रायव्हर हायवर चालू होणारा असेल आणि त्याच्या गेटला बाहेरून पुल-डाऊन (खाली ओढून धरणारा रेझिस्टर) नसेल तर प्रोग्रॅम मारताना सोलेनॉइड ओढला जाऊ शकतो. जिगवर 24 व्होल्ट जोडूच नका, फक्त 3.3 द्या. साईटवर जाऊन कुणी अपडेट करणार असेल तर त्याला हे लिहून द्या.

आणि आयएसईची मशीन जपून ठेवा. 14.7 ही 2013 ची आवृत्ती, तिच्या पुढे काही आलं नाही, आणि ही चिप पण झायलिंक्स घेतलेल्या एएमडीनं 2024 मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलंय. आम्ही आयएसई बसवलेलं अख्खं व्हर्च्युअल मशीन दोन डिस्कवर कॉपी करून ठेवलंय, आणि प्रत्येक प्रॉडक्टची जेईडी, सोर्स, पिनांची यूसीएफ फाईल एकाच फोल्डरमध्ये. एसव्हीएफ हरवली तर परत काढता येते, जेईडी आणि सोर्स गेला तर सगळंच गेलं.


भोसरीकर :

मंडळी, उशिरा उत्तर देतोय, तीन दिवस युनिटमध्येच होतो.

पहिल्या दिवशी काही न बदलता स्कोप लावला. इरेजचा पट्टा बरोबर 50 मिलिसेकंद, सर तुम्ही सांगितलेला आकडा. तिथल्या ऑपरेटर पोराला दाखवला, त्याला लगेच कळलं, तोच म्हणाला की आपण दुसऱ्या एका पार्टीच्या बोर्डांना पण हाच वेग देतो, ते पण बघायला हवेत. मग प्रेफरन्सेसमध्ये वेळेचा पर्याय चालू करून नवी एसव्हीएफ काढली, रनटेस्टच्या ओळींत सेकंद आले. त्यांचा प्लेअर सेकंद मानतो की नाही याची धाकधूक होती, तर स्कोपवर पट्टा 200 च्या थोडा वर गेला, म्हणजे मानतो. तरी वेग 1 मेगाहर्ट्झवर आणून ठेवला.

जुने 11 जिगवर चढवले, 10 लागोपाठ पास. अकरावा फेल, पण या वेळी आयडीलाच फेल, व्हेरिफायपर्यंत गेलाच नाही. भिंगाखाली बघितलं तर टीडीओच्या, म्हणजे चिपमधून डेटा बाहेर येणाऱ्या पायाचं सोल्डर उचललेलं होतं, बहुधा पहिल्या दिवशी चिप बदलायचा विचार करून कुणीतरी हॉट एअर मारायला घेतलं असणार. पायाला सोल्डर दिलं, पास. आधी पास झालेले ते 3 जुने पण परत मारले.

ताई, सिग्नेचर टाकली, आर07 अशी, आणि प्रत्येक बोर्डवर पिवळा स्टिकर. सोलेनॉइडचं तुम्ही बोललात ते आमच्या बोर्डावर खरंच होतं, गेटला पुल-डाऊन नव्हता. पुढच्या लेआउटमध्ये 10 के टाकायचं लिहून ठेवलंय, तोवर साईटवर 24 व्होल्टचा कनेक्टर काढूनच प्रोग्रॅम करायचं असं सर्व्हिसच्या दोघांना सांगितलं.

गेलेल्या 15 साठी गिऱ्हाइकाला फोन केला. आधी त्यांना राग आला, मशीन पाठवायची तारीख जवळ आहे त्यांची. मी जे झालं ते सगळं सांगितलं, इंटरलॉकचं पण, मग त्यांनीच गाडी लावून दिली. आज संध्याकाळी 15 च्या 15 आले, उद्या सकाळी नऊला जिग आपल्यासाठी मोकळं ठेवलंय.